जेनी लिंड हिचें मौन

स्वीडन देशांतील स्टॉकहोम शहरीं ता. ६ ऑक्टोबर १८२० रोजीं जन्मलेल्या जेनी लिंड हिची कीर्ति पुढें युरोप-अमेरिकेंत पसरली. परंतु आम्हांस त्यापूर्वींची एक हकीगत अधिक मोलाची वाटते.

नऊ वर्षांची जेनी खिडकींत बसून आपल्या मांजरीस गाणीं ऐकवीत असे. रस्त्यानें जाणाऱ्या एका दासीनें तो आवाज आपल्या मालकिणीच्या कानीं घातला. ही बाई राजनाट्यगृहांत नर्तकी होती. तिच्या खटपटीनें मुलीस तेथील शाळेंत प्रवेश मिळाला. ता. ७ मार्च १८३८ रोजीं वेबरच्या एका संगीत नाटकांत अगाथेची भूमिका करून तिनें शहर जिंकलें. वय अवघें सतरा!

मात्र अतिश्रमानें व सदोष पद्धतीमुळें थोड्याच वर्षांत गळा बिघडला. १८४१ सालीं ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामांकित गुरूकडे गेली. त्यानें तिला शिकविण्याचें प्रथम नाकारलें. कांहीं आठवडे गाणें मुळींच नाहीं, बोलणेंही शक्य तितकें कमी, असा दंडक घातला. स्वदेशीं जिला लोक डोक्यावर घेत, तिनें परक्या शहरांत मुकाट बसावें, हें किती कठीण, याची कल्पना आमच्या विद्यार्थिमित्रांनींच करावी. पुढें श्वास कसा घ्यावा येथपासून तिनें नवा प्रारंभ केला. आरोह-अवरोह संथपणें तासन् तास घोटले. सुमारें दहा महिने हा क्रम चालला.

१८४२ सालीं ती स्टॉकहोमच्या रंगभूमीवर परतली. वरचे सूर आतां मोकळे झाले होते. मधल्या सुरांवर मात्र जुन्या इजेची पुसट छाया जाणकारांस पुढेंही ऐकूं येई.