मुलांच्या ब्लड कॅन्सरला पहिला अटकाव. शोधनिबंधावर मात्र सुब्बारावांचे नाव नव्हते

संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर एक छोटी गोळी देतात आणि बजावतात, रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची. गोळीचे नाव मेथोट्रेक्सेट. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरच्या उपचारातही हेच औषध लागते. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रचे, हे किती जणांना माहीत आहे?

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताचीच. लहानपणी काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची, पैसा कमवायचा, म्हणून पोरगा घरातून पळाला. घरच्यांनी त्याला परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. पुढे मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेले. गांधीजींच्या हाकेला साद देऊन खादी घालू लागले, ते इंग्रज प्राध्यापकाला खपले नाही. एमबीबीएसऐवजी कमी दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले.

याच काळात त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने गेले. आतड्यातून अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होते, असा हा आजार. तेव्हा त्यावर औषध नव्हते.

१९२२ साली सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोहोचले. बायको गावीच राहिली. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळी केली, रुग्णांची भांडी साफ केली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत रक्त-लघवीतला फॉस्फरस मोजण्याची पद्धत त्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. स्नायूंना शक्ती कुठून मिळते यावरही दोघांचे मोठे काम आहे. एवढे करून हार्वर्डने कायम नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि तिथे संशोधनाचे प्रमुख झाले.

इथे एक धागा मुंबईचा आहे. १९२८ नंतर लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. त्यात गिरणी कामगार बायकाही होत्या. यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते, हे विल्स यांनी दाखवले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या टीमने ते १९४५ च्या सुमारास कारखान्यात बनवता येईल असे तयार केले. भाऊ ज्या स्प्रूने गेले, त्यावर हेच औषध लागू पडले. भावांसाठी मात्र पंचवीस वर्षांचा उशीर झाला होता.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी हे रक्तवाढीचे औषध ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना देऊन पाहिले. आजार उलट जोरात वाढतो असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला हेच खाद्य लागते. मग खाद्यच तोडले तर? सुब्बारावांच्या टीमने फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी, पण त्याची जागा अडवून बसणारी रसायने तयार केली. त्यातले एक अमिनोप्टेरिन. मेथोट्रेक्सेट त्याचाच भाऊ.

१९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये शोधनिबंध आला. १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. तो नंतर परतला, हेही खरे. पण तोवर या मुलांसाठी डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हते. औषधाने हा आजार हटू शकतो, हे पहिल्यांदा दिसले.

त्या शोधनिबंधावर पाच लेखकांची नावे आहेत. सुब्बारावांचे नाही. उपचार त्या डॉक्टरांनी केले, त्यामुळे त्यांची नावे असणे रीतसरच. पण औषध ज्याच्या घरून आले, त्याचे नाव लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. स्वतः पुढे होऊन नाव सांगावे, असा त्यांचा स्वभावही नव्हता.

दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, हृदयविकाराने ते गेले. वय ५३. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही आणि भारतात परतणेही झाले नाही. पत्नीची पुन्हा भेट झालीच नाही. १९९५ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आम्ही कॉमर्सवाले एक गोष्ट शिकतो. जमा रक्कम ज्याची त्याच्याच खात्यावर पडली पाहिजे, नाहीतर हिशेब जुळत नाही. सुब्बारावांच्या खात्यावरची जमा अजून पुरती मांडायची राहिली आहे. घरात कोणाला ती आठवड्याची गोळी चालू असेल, तर भीमावरमच्या या माणसाचे नाव त्यांना जरूर सांगा.