अँड्र्यू कर्टिन

अँड्र्यू ग्रेग कर्टिन (२२ एप्रिल, १८१७ - ७ ऑक्टोबर, १८९४) हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे १५वे गव्हर्नर होते. जानेवारी १८६१ ते जानेवारी १८६७ असा त्यांचा कार्यकाळ असून अमेरिकेचे यादवी युद्ध संपूर्णपणे त्यात येते. युद्धकाळात त्यांनी राज्याचे स्वतंत्र राखीव सैन्यदल उभारले. सैनिकांची थकबाकी व निवृत्तिवेतन, जखमींची शुश्रूषा, मृतांचे दफन, रणभूमीवरील सैनिकांचा मताधिकार आणि युद्धात मरण पावलेल्यांच्या मुलांचे संगोपन या बाबी त्यांनी राज्याच्या कायद्याच्या कक्षेत आणल्या. या कामामुळे ते सैनिकांचे मित्र या नावाने ओळखले गेले. काही नोंदींमध्ये त्यांचे जन्मवर्ष १८१५ असे आढळते.

अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा भारतातील राज्यपालासारखा नियुक्त पदाधिकारी नसतो. तो थेट मतदारांकडून निवडला जातो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो. कर्टिन यांचे कार्य समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

सुरुवातीचे जीवन

कर्टिन यांचा जन्म मध्य पेनसिल्व्हेनियातील बेलफाँट या गावी झाला. त्यांचे वडील रोलंड कर्टिन आयर्लंडहून आले होते आणि लोखंड गाळण्याच्या व्यवसायात त्यांनी चांगला जम बसवला होता. आई जेन ही अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य राहिलेले अँड्र्यू ग्रेग यांची मुलगी. आजोबांचेच नाव नातवाला मिळाले. मिल्टन येथील शाळेत शिक्षण घेतल्यावर कर्टिन यांनी कार्लाइल येथील डिकिन्सन महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास केला आणि १८३७ मध्ये वकिली सुरू केली. १८४४ मध्ये त्यांचा विवाह कॅथरिन विल्सन यांच्याशी झाला.

ते व्हिग पक्षाचे कार्यकर्ते आणि प्रभावी वक्ते होते. १८५५ मध्ये गव्हर्नर जेम्स पोलॉक यांनी त्यांना राज्याचे सचिव नेमले. त्या काळी या पदाबरोबर सार्वजनिक शाळांच्या अधीक्षकाची जबाबदारीही येत असे. शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलांसंबंधीचा १८५७ चा कायदा याच काळातला आहे. राज्याने शाळेचा खर्च उचलावा, ही कल्पना कर्टिन यांना युद्धाच्या कितीतरी आधीपासून परिचित होती.

१८६० मध्ये पीपल्स पार्टी या नावाने एकत्र आलेल्या रिपब्लिकन व सहयोगी गटांनी त्यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली. ऑक्टोबरमधील निवडणुकीत त्यांनी हेन्री फॉस्टर यांचा ३२,००० हून अधिक मतांनी पराभव केला. पुढच्याच महिन्यात अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. राज्यातील दुसरे बडे पुढारी सायमन कॅमेरॉन यांच्याशी कर्टिन यांचे हाडवैर होते. ते आयुष्यभर टिकले.

राखीव दल

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवकांची मागणी केली. पेनसिल्व्हेनियात ठरलेल्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक तरुण भरतीसाठी आले. हॅरिसबर्ग या राजधानीच्या उत्तरेस जत्रेच्या मैदानावर १८ एप्रिल रोजी छावणी उघडण्यात आली. तिला कँप कर्टिन असे नाव पडले. युद्ध संपेपर्यंत या छावणीतून ३,००,००० हून अधिक सैनिक गेले.

वाट्यापेक्षा जास्त झालेल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्या वेळी संघराज्याचे युद्धमंत्री सायमन कॅमेरॉनच होते आणि त्यांच्या खात्याने जादा पलटणी स्वीकारण्यास नकार दिला. कर्टिन यांनी या तरुणांना घरी पाठवले नाही. त्यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. १५ मे १८६१ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने राज्याला ३० लाख डॉलरचे कर्ज उभारण्याचा आणि १५ पलटणींचे राखीव दल ठेवण्याचा अधिकार मिळाला. त्यांपैकी १३ पलटणी पायदळाच्या, एक घोडदळाची आणि एक तोफखान्याची होती. त्यांचा पगार, कपडे व शस्त्रे यांचा खर्च प्रथम राज्याने उचलायचा होता. घरचा कमावता माणूस गेलेल्या कुटुंबांना काउंटीच्या पातळीवर मदत देण्याची व्यवस्थाही त्याच वर्षी झाली.

२१ जुलै रोजी बुल रन येथे संघराज्याच्या फौजेची दाणादाण उडाली आणि ज्या दलाला नकार मिळाला होता, त्यालाच तातडीने वॉशिंग्टनला बोलावले गेले. जॉर्ज मॅककॉल हे या दलाचे पहिले सेनापती. पुढे नावारूपाला आलेले जॉर्ज मीड आणि जॉन रेनॉल्ड्स हेही याच दलात होते. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे या दलाचे दोन ब्रिगेड स्वतःच्या राज्याच्या भूमीवर लढले. मे १८६४ अखेर तीन वर्षांची मुदत संपण्याच्या सुमारास त्यांनी बेथेस्डा चर्च येथे शेवटची लढाई दिली.

सुरुवातीच्या घाईत राज्याने सैनिकांना दिलेले गणवेश अतिशय हलक्या प्रतीचे निघाले आणि कर्टिन यांच्या प्रशासनावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले. विरोधकांनी हे प्रकरण पुढील निवडणुकीपर्यंत लावून धरले.

जखमी, मृत आणि थकबाकी

युद्धातील सैनिकांचे निवृत्तिवेतन ही संघराज्य सरकारची जबाबदारी होती. पण मंजुरीसाठी लागणारी कागदपत्रे, साक्षी व दाखले गोळा करणे खेड्यातील विधवेला किंवा हातपाय गमावलेल्या शिपायाला जमण्यासारखे नव्हते. मध्ये दलाल शिरत आणि मंजूर रकमेचा मोठा हिस्सा घेऊन जात. यावर उपाय म्हणून पेनसिल्व्हेनियाने वॉशिंग्टनमध्ये आणि पश्चिम आघाडीसाठी नॅशव्हिलमध्ये राज्याच्या प्रतिनिधींची कार्यालये उघडली. आपल्या राज्यातील सैनिकांचा थकलेला पगार आणि निवृत्तिवेतनाचे दावे तडीस नेणे, रुग्णालयांत त्यांची विचारपूस करणे आणि नातेवाइकांना खबर देणे ही या कार्यालयांची कामे होती. मृत सैनिकाचा देह राज्याच्या खर्चाने घरी आणण्याची व्यवस्थाही कर्टिन यांनी केली.

गेटिसबर्गच्या लढाईनंतर ते स्वतः तेथे गेले. उथळ खड्ड्यांत पुरलेले हजारो मृतदेह पाहिल्यावर त्यांनी स्थानिक वकील डेव्हिड विल्स यांना राज्याचे प्रतिनिधी नेमले. विल्स यांनी १७ एकर जमीन घेतली आणि इतर राज्यांच्या सहभागाने सैनिकांचे राष्ट्रीय दफनस्थान उभे राहिले. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी त्याच्या समर्पणप्रसंगी लिंकन यांनी केलेले छोटे भाषण जगप्रसिद्ध झाले. समारंभामागच्या राज्यस्तरीय तजविजीचा उल्लेख त्यामानाने क्वचितच होतो.

सैनिकांचा मताधिकार

रणभूमीवर असलेल्या सैनिकाला छावणीतूनच मत देऊ देणारा जुना कायदा पेनसिल्व्हेनियात होता. लुझर्न काउंटीतील सरकारी वकिलाच्या निवडणुकीवरून चेस विरुद्ध मिलर हा खटला उभा राहिला. मतदाराने आपल्या रहिवासाच्या मतदारसंघातच मत दिले पाहिजे, अशी राज्यघटनेतील अट आहे, या कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये तो कायदा रद्द केला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते जॉर्ज वुडवर्ड.

पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने कर्टिन यांच्याविरुद्ध याच वुडवर्ड यांना उभे केले. सैनिकांना छावणीतून मत देता येत नव्हते, म्हणून अनेकांना रजा देऊन गावी पाठवण्यात आले. प्रकृती खालावलेली असताना कर्टिन यांनी राज्यभर प्रचार केला आणि सुमारे १५,००० मतांनी विजय मिळवला. रजेवर आलेल्यांची मते कर्टिन यांच्या पारड्यात पडली, असे त्यांचे विरोधक म्हणत राहिले. ते म्हणणे निराधार नव्हते.

न्यायालयाचा निकाल साध्या कायद्याने फिरवता येणारा नव्हता. घटनादुरुस्तीसाठी लागोपाठच्या दोन विधिमंडळांची संमती आणि नंतर जनतेचा कौल आवश्यक होता. ही सर्व प्रक्रिया पूर्ण होऊन २ ऑगस्ट १८६४ रोजी मतदारांनी दुरुस्ती मंजूर केली. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियाच्या सैनिकांनी छावण्यांमधून मतदान केले.

अनाथ मुलांच्या शाळा

कर्टिन यांचे नाव ज्या कामाशी सर्वाधिक जोडले गेले, त्याची सुरुवात एका अडचणीच्या देणगीतून झाली. १८६२ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने भरती होणाऱ्यांना बक्षीस रक्कम देण्यासाठी ५०,००० डॉलर देऊ केले. अशी रक्कम स्वीकारण्याचा अधिकार गव्हर्नरला कायद्याने नव्हता, त्यामुळे पैसे पडून राहिले. या देणगीकडे संशयाने पाहणारेही होते, कारण आदल्याच वर्षी विधिमंडळाने या कंपनीवरील मालवाहतुकीचा कर रद्द केला होता आणि त्या विधेयकावर कर्टिन यांची सही होती.

परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अशी, की १८६३ च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दोन मुले भीक मागत हॅरिसबर्ग येथे कर्टिन यांच्या दाराशी आली. चौकशी केल्यावर त्यांचे वडील युद्धात मारले गेल्याचे समजले. हकिकत तंतोतंत अशीच घडली असो वा नसो, काही आठवड्यांतच, जानेवारी १८६४ च्या संदेशात, गव्हर्नरांनी अशा मुलांचे पालनपोषण व शिक्षण राज्याने करावे अशी शिफारस केली. त्यांची मांडणी दयेवर आधारलेली नव्हती. भरतीच्या वेळी राज्याने कुटुंबांची काळजी घेण्याचे वचन दिले होते, म्हणून हे देणे आहे, असा त्यांचा आग्रह होता. अनाथांना गावोगावच्या धर्मादाय निवाऱ्यांत टाकण्याच्या तत्कालीन रिवाजापेक्षा ही भूमिका फार वेगळी होती.

विधिमंडळाने राज्याचा पैसा देण्याचे टाळले. ६ मे १८६४ च्या कायद्याने गव्हर्नरला फक्त रेल्वेची देणगी स्वीकारून ती या कामावर खर्च करण्याची मुभा मिळाली. जूनमध्ये कर्टिन यांनी राज्याच्या सार्वजनिक शिक्षणाचे एक शिल्पकार थॉमस बरोज यांची अधीक्षक म्हणून नेमणूक केली. नव्या इमारती बांधण्याएवढा पैसा नव्हता. म्हणून बरोज यांनी चालू असलेल्या निवासी शाळांशी करार केले आणि प्रत्येक मुलामागे ठराविक वार्षिक रक्कम देण्याचे ठरवले. लहान मुले फिलाडेल्फियातील नॉर्दर्न होमसारख्या संस्थांत आणि मोठी मुले मॅकअ‍ॅलिस्टरव्हिल, माउंट जॉय, कॅसव्हिल आदी ठिकाणच्या शाळांत गेली. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मिळे आणि १६ पूर्ण झाल्यावर त्यांना शाळा सोडावी लागे. यावरून शाळेबाहेर पडलेल्या मुलामुलींना सिक्स्टीनर्स म्हणत. पुढे त्यांनी त्याच नावाने आपल्या संघटना काढल्या. कृष्णवर्णीय सैनिकांच्या मुलांसाठी नंतर ब्रिजवॉटर येथे वेगळी शाळा निघाली. त्यांच्या वडिलांनीही वेगळ्या पलटणींतच सेवा केली होती.

युद्ध संपल्यावर उत्साह ओसरला. मुलांची संख्या वाढत होती, देणगी संपली होती आणि १८६६ मध्ये शाळा बंद करून मुलांना आपापल्या गावी परत पाठवण्याची भाषा विधिमंडळात सुरू झाली. मार्चमध्ये कर्टिन यांनी जवळच्या शाळांमधील शेकडो मुलामुलींना हॅरिसबर्गला बोलावले आणि विधिमंडळाच्या सभागृहात उभे केले. मुलांनी गाणी म्हटली, पाठांतरे सादर केली. सदस्यांपैकी अनेकांनी स्वतः भरतीच्या सभांमध्ये वचने दिली होती. त्यानंतर पुरेसा निधी मंजूर झाला आणि शाळा टिकल्या. मुलांचा असा उपयोग करणे योग्य होते का, हा प्रश्न विचारता येतो. पण दुसरा कोणताही मार्ग त्यांना यशस्वी होताना दिसत नव्हता.

कराराच्या पद्धतीत मुळातच एक दोष होता. माणशी रक्कम ठरलेली असल्याने मुलांच्या जेवणाखाण्यावर व कपड्यांवर जितका कमी खर्च होईल, तितका चालकांचा नफा वाढत असे. कर्टिन पदावरून गेल्यानंतर काही शाळा एकाच व्यावसायिक गटाच्या ताब्यात गेल्या. १८८६ मध्ये तेथील निकृष्ट अन्न, गर्दी आणि अस्वच्छता वृत्तपत्रांनी उघड केली. गव्हर्नर रॉबर्ट पॅटिसन यांनी स्वतः शाळांना भेटी देऊन चौकशी केली. १८८९ च्या कायद्याने या शाळांचा कारभार आयोगाकडे सोपवण्यात आला. १८९५ मध्ये फ्रँकलिन काउंटीतील स्कॉटलंड या गावी राज्याच्या मालकीची शाळा उघडली आणि जुन्या शाळांची मुले टप्प्याटप्प्याने तेथे गेली. नंतरच्या युद्धांतील सैनिकांच्या मुलांनाही तिथे प्रवेश मिळू लागला.

उत्तरायुष्य

१८६७ मध्ये कर्टिन यांनी सिनेटच्या जागेसाठी प्रयत्न केला, पण विधिमंडळाने कॅमेरॉन यांना निवडले. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना रशियात राजदूत म्हणून पाठवले. १८७२ मध्ये परतल्यावर त्यांनी ग्रँट यांच्याविरुद्ध बंड केलेल्या लिबरल रिपब्लिकनांची बाजू घेतली आणि राज्याच्या नव्या घटनेसाठी भरलेल्या परिषदेत काम केले. त्यानंतर ते डेमोक्रॅटिक पक्षात गेले. कॅमेरॉन गटाच्या पकडीतील रिपब्लिकन पक्षात त्यांना जागा उरली नव्हती. डेमोक्रॅट म्हणून ते १८८१ ते १८८७ या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ज्या पक्षाविरुद्ध सैनिकांच्या मतांवर त्यांनी १८६३ ची निवडणूक जिंकली होती, त्याच पक्षाकडून निवडून आल्यामुळे जुने सहकारी नाराज झाले. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत मात्र त्यांचे स्वागत पूर्वीसारखेच होत राहिले.

७ ऑक्टोबर १८९४ रोजी बेलफाँट येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील युनियन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. बेलफाँटच्या न्यायालयासमोर १९०६ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. हॅरिसबर्गमध्ये कँप कर्टिनच्या जागेवर त्यांचा पुतळा आहे. स्कॉटलंड येथील शाळा राज्य सरकारने २००९ मध्ये बंद केली.