प्रवेशपरीक्षा परत आणणारा माणूस : डेंग शियाओपिंग

राज्यशास्त्राच्या तासाला चीनचा विषय निघाला की आमच्या वर्गात दोन तट पडतात. एका तटाच्या लेखी चीन म्हणजे १९६२ ची जखम, सीमेवरचे सैन्य आणि बाजारात येऊन पडणारा स्वस्त माल. दुसऱ्या तटाच्या लेखी चीन म्हणजे उंचच उंच इमारती, भरधाव आगगाड्या आणि त्यापाठोपाठ येणारा ठरलेला प्रश्न, की आपल्याला हे का जमू नये? मी दोन्ही तटांवर बसून पाहिले आहे. परीक्षेपुरते आकडेही पाठ केले. २०१० मध्ये चीनने जपानला मागे टाकले आणि तो जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला, हे मी झोपेतही सांगू शकेन. पण पाठ होणे वेगळे आणि उमगणे वेगळे. शेवटी ठरवले की एवढ्या मोठ्या देशाला एकदम हात घालण्यापेक्षा त्याला या वाटेवर आणणाऱ्या एका माणसाचे चरित्र समजून घ्यावे. तो माणूस म्हणजे डेंग शियाओपिंग.

डेंग यांचा जन्म २२ ऑगस्ट १९०४ चा, सिचुआन प्रांतातील ग्वांगआन तालुक्यातल्या एका खेड्यातला. घर खाऊनपिऊन सुखी. चीनमध्ये तेव्हा बादशाही होती, पण ती आतून पोखरलेली होती. १९११ च्या क्रांतीनंतर ती कोसळली. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हा मुलगा बोटीत बसून फ्रान्सला निघाला. कमवा आणि शिका अशी ती योजना होती. प्रत्यक्षात कमावण्यातच दिवस गेले आणि शिकणे राहून गेले. जवळचे पैसे काही महिन्यांत संपले. मग ल क्रुझो येथील पोलादाचा कारखाना, नंतर रबरी बूट बनवणारा कारखाना, पुढे पॅरिसजवळ रेनॉ मोटारींचा कारखाना अशी मजुरी सुरू झाली. रेनॉच्या कारखान्यात ते फिटरचे काम शिकले. हे काम पुढे चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्या उपयोगी पडणार होते. फ्रान्समध्येच त्यांची चाऊ एन-लाय यांच्याशी ओळख झाली आणि तेथेच ते कम्युनिस्ट झाले. पक्षाच्या पत्रकाच्या प्रती काढण्याचे काम या तरुणाकडे असे. १९२६ मध्ये मॉस्कोत काही महिने शिकून ते १९२७ मध्ये मायदेशी परतले.

त्यानंतरची बावीस वर्षे लढाईची. या काळात त्यांची पहिली पत्नी बाळंतपणात वारली. १९३३ मध्ये माओ त्से-तुंग यांचे पक्षपाती म्हणून पक्षातल्याच वरिष्ठांनी डेंग यांना पदावरून खाली खेचले आणि दुसरी पत्नी त्यांना सोडून गेली. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली पडझड. १९३४-३५ ची प्रसिद्ध दीर्घ कूच त्यांनी पायी पार केली. जपानविरुद्धच्या युद्धात ते आठव्या मार्ग सेनेच्या १२९ व्या डिव्हिजनचे राजकीय अधिकारी होते. याच आठव्या मार्ग सेनेतील जखमींवर आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच मातीत देह ठेवला. चीन आपल्याला वाटतो तितका परका नाही, हे अशा वेळी जाणवते.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी चीन प्रजासत्ताक झाला आणि डेंग सत्तेच्या पायऱ्या भराभर चढले. १९५२ मध्ये ते उपपंतप्रधान झाले, १९५६ मध्ये पक्षाचे सरचिटणीस. येथे चरित्रकाराची लेखणी अडखळली पाहिजे. १९५७ मध्ये माओंनी टीकाकारांविरुद्ध जी मोहीम उघडली ती राबवण्याची जबाबदारी डेंग यांच्याकडे होती. सुमारे साडेपाच लाख माणसांवर उजव्या विचारांचे म्हणून शिक्का बसला. त्यांत कितीतरी प्राध्यापक, लेखक, शास्त्रज्ञ होते. १९५८ च्या मोठ्या झेपेलाही त्यांनी आरंभी साथ दिली. शेते सामुदायिक झाली, परसात पोलाद वितळवण्याच्या भट्ट्या पेटल्या, खोटी उत्पादने कागदावर चढली आणि त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. मला वाटते, कागदावरचे धान्य पोटात जात नाही हा धडा डेंग तेव्हाच शिकले. दुष्काळानंतर शेतकऱ्याला थोडी मोकळीक द्यावी असे त्यांचे मत झाले आणि तेच माओंच्या डोळ्यांवर आले.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि दुसऱ्यांदा पडझड झाली. सारी पदे गेली. थोरला मुलगा पुफांग बीजिंग विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होता. १९६८ मध्ये लाल रक्षकांच्या छळात तो इमारतीवरून खाली पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. १९६९ मध्ये डेंग यांना पत्नी आणि सावत्र आईसह जिआंगशी प्रांतात पाठवण्यात आले. पासष्ट वर्षांचा हा माजी सरचिटणीस ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात रोज सकाळी फिटर म्हणून कानस घासू लागला. बाकीच्या वेळात लाकडे फोडायची, भाजी पिकवायची, कोंबड्या पाळायच्या. पुढे अपंग मुलगा तेथे आला तेव्हा त्याला अंघोळ घालण्याचे कामही बापाकडेच होते. संध्याकाळी अंगणात एकटेच फेऱ्या मारत. त्या फेऱ्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण पुढे त्यांनी जे केले त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो.

१९७३ मध्ये त्यांना परत बोलावले गेले, कारण आजारी चाऊ एन-लायना मदतनीस हवा होता. १९७६ च्या जानेवारीत चाऊ गेले आणि एप्रिलमध्ये डेंग तिसऱ्यांदा पडले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला माओंचे निधन झाले. जुलै १९७७ मध्ये डेंग पुन्हा उभे राहिले, तेव्हा ते त्र्याहत्तरीला टेकले होते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो. सत्तेत परतल्यावर त्यांनी स्वतः मागून घेतलेले खाते सैन्याचे किंवा अर्थकारणाचे नव्हते, शिक्षणाचे आणि विज्ञानाचे होते. १९६६ पासून चीनमध्ये विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा बंद होती. पुढे प्रवेश मिळे तो शिफारशीवर. घराणे कोणत्या वर्गातले आणि निष्ठा कोणाशी, हे पाहून. शहरांतील दीड कोटीहून अधिक तरुणांना शेतांवर धाडले होते. डेंग यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये शास्त्रज्ञ आणि अध्यापकांची बैठक बोलावली, त्यांचे ऐकून घेतले आणि परीक्षा पुढल्या वर्षी नव्हे, त्याच वर्षी घेण्याचे ठरवले. ऐन हिवाळ्यात परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका छापायला कागद पुरेना, तेव्हा माओंच्या लेखसंग्रहासाठी ठेवलेला कागद तिकडे वळवला गेला. सुमारे ५७ लाख मुलेमुली परीक्षेला बसली. कोणी शेतावरून आले, कोणी कारखान्यातून, कोणी तिशी ओलांडलेले. त्यांतल्या सुमारे २ लाख ७३ हजारांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरातल्या पाचांनाही नाही. पण कोणाचा बाप कोण, हा प्रश्न मागे पडून पेपरात काय लिहिले हा प्रश्न पुढे आला.

हे वाचताना मला माझ्या प्रवेशाचा दिवस आठवला. अर्जावर पालकांचे शिक्षण असा एक रकाना होता. बाबांनी खिडकीशी जाऊन हळूच विचारले, की हा मोकळा सोडला तर चालेल का. चालते म्हणून सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरलेलो नाही. म्हणून त्या ५७ लाखांचा आकडा मला पाठ करावा लागला नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात डेंग जपानला गेले, तेथल्या वेगवान गाडीत बसले, मोटारींचा कारखाना पाहिला आणि आपण किती मागे आहोत हे लपवले नाही. (२०२४ अखेर चीनमध्ये अशा वेगवान रेल्वेमार्गांची लांबी ४८ हजार किलोमीटरांच्या घरात गेली.) डिसेंबर १९७८ च्या पक्षबैठकीत आर्थिक सुधारणांची दिशा ठरली. त्याच सुमारास आनहुई प्रांतातल्या शियाओगांग खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी चोरून करार करून सामुदायिक जमीन घरोघर वाटून घेतली होती. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले नाही, तर तीच पद्धत देशभर नेली. १९७८ मध्ये धान्य सुमारे ३० कोटी टन होते, ते १९८४ मध्ये ४० कोटी टनांवर गेले. १९८० मध्ये शेनझेनसह चार ठिकाणी परदेशी भांडवलाला दार उघडले. शेनझेनची वस्ती तेव्हा तीन लाखांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत ती पावणेदोन कोटी भरली. डिसेंबर १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी बीजिंगला गेले, तेव्हा डेंग यांनी त्यांच्याशी केलेले हस्तांदोलन बराच वेळ चालले आणि १९६२ नंतर गोठलेले संबंध थोडे सैल झाले.

येथेच थांबलो असतो तर हे चरित्र शाळेतल्या भाषणाला शोभले असते. पण १९८९ टाळता येत नाही. त्या वसंतात बीजिंगच्या विद्यापीठांतले विद्यार्थी तिआनआनमेन चौकात जमले. भ्रष्टाचार थांबवा, आमच्याशी बोला, वृत्तपत्रे मोकळी करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतले बहुतेक जण डेंग यांनी परत आणलेल्या परीक्षेतूनच विद्यापीठात आले होते. डेंग यांनी सैन्य पाठवण्याचा निर्णय घेतला. ३ आणि ४ जूनच्या रात्री रणगाडे शहरात शिरले. किती मेले याचा आकडा आजही वादाचा आहे. शेकडो तरी नक्कीच मेले. विद्यार्थ्यांशी बोलावे असे म्हणणारे पक्षाचे सरचिटणीस चाओ झियांग २००५ मध्ये मरेपर्यंत घरातच कैदेत राहिले.

ज्या हाताने महाविद्यालयाचे दार उघडले त्याच हाताने हे केले. मी या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. लाल रक्षकांनी मुलगा अपंग केला म्हणून जमावाची धास्ती त्यांच्या मनात बसली, असे कोणी म्हणेल. पण त्या भीतीची किंमत दुसऱ्यांच्या मुलांनी का मोजावी, याचे उत्तर मला सापडले नाही.

१९९२ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी ते दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले आणि थंडावलेल्या आर्थिक सुधारणांना पुन्हा गती मिळाली. १९ फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्षपद किंवा पंतप्रधानपद त्यांनी कधीच घेतले नाही. पाच फुटांच्या आतली उंची असलेल्या या माणसाचे डोळे दान करण्यात आले, रक्षा समुद्रात सोडली गेली. माओंसारखी समाधी त्यांना नाही.

२०२४ मध्ये चीनच्या प्रवेशपरीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलांनी नावे नोंदवली. त्या देशाची उंची मोजायची तर मी आता इमारतींऐवजी या आकड्यापासून सुरुवात करीन. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारीन, की त्या १ कोटी ३४ लाखांपैकी कोणाला १९८९ बद्दल आपल्या वर्गात उभे राहून बोलता येईल? वर्गात पुन्हा दोन तट पडतील तेव्हा मला दोन्हीकडे हे सांगायचे आहे. आपल्याला हे का जमू नये, असे विचारताना यातले नेमके काय हवे आहे हेही सांगावे लागेल. मला स्वतःला ५७ लाखांची ती परीक्षा हवी आहे, आणि ती दिल्यानंतर तोंड उघडण्याची मुभाही हवी आहे.