साखळी ओवणारा रसायनशास्त्रज्ञ : एमिल फिशर

कलाशाखेच्या वार्षिकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे आमच्या वर्गातील मंडळी विचारणारच. बोट कापले की काही दिवसांत कातडी सांधते. ती कशाने सांधते, हे समजण्याची एक पक्की पायरी ज्याने बांधली त्याची हकिगत वाचायला विज्ञानशाखेत नाव घालावे लागत नाही, एवढेच माझे उत्तर.

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या युस्किर्खेन गावी झाला. वडील व्यापारी. मुलाने लाकडाच्या पेढीवर बसावे ही त्यांची इच्छा. मुलगा पेढीत रमेना, तेव्हा धंद्याला हा निरुपयोगी, निदान शिकू तरी द्या, असे म्हणून वडिलांनी हात टेकले, अशी कथा सांगतात. १८७१ मध्ये फिशर बॉनला गेले आणि पुढे स्ट्रासबर्गला बायर यांच्या हाताखाली १८७४ मध्ये डॉक्टर झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हाती फेनिलहायड्रझिन हे द्रव्य लागले. साखरेच्या निरनिराळ्या प्रकारांची रचना त्यांनी याच द्रव्याच्या साहाय्याने उलगडली, आणि याच द्रव्याच्या विषाने त्यांची प्रकृती कायमची पोखरली. शर्करा व प्युरिन यांवरील कामासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १८९२ पासून ते बर्लिनला प्राध्यापक होते. १८९५ मध्ये पत्नी आग्नेस वारल्या. लग्नाला पुरती आठ वर्षेही झाली नव्हती आणि पदरी तीन लहान मुलगे होते.

एवढा मान मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. फिशर यांनी मात्र १८९९ च्या सुमारास त्याहून अवघड विषय हाती घेतला, तो प्रथिनांचा. अंड्याचा बलक, मांस, केस, कातडी या सर्वांत प्रथिने असतात आणि ती ॲमिनो आम्लांची बनतात, इतके ठाऊक होते. पण ती आम्ले एकमेकांना जोडलेली कशी? फिशर यांनी वाद घालण्यापेक्षा स्वतःच जोडून पाहायचे ठरवले. १९०१ मध्ये फूर्नो या सहकाऱ्यासह त्यांनी ग्लायसीनचे दोन मणी एकत्र ओवले. अशा साखळीला पेप्टाइड हे नाव त्यांनीच दिले. १९०७ पर्यंत साखळी १८ मण्यांची झाली : १५ ग्लायसीनचे, ३ ल्युसीनचे. वृत्तपत्रांनी तर आता प्रयोगशाळेतून कृत्रिम अन्न येणार अशी आवई उठवली. प्रत्यक्षात ते चिमूटभर द्रव्य महागडे होते आणि त्याने कोणाचेही पोट भरणार नव्हते. प्रथिने फार अवाढव्य नसावीत असे फिशर यांना वाटे. यात मात्र ते चुकले. कातडीतील कोलॅजेनच्या एकेका धाग्यात हजाराच्या आसपास मणी असतात.

मला स्वतःला त्यांचे १९०२ मधले एक काम १८ मण्यांच्या साखळीपेक्षा मोलाचे वाटते. कातडी-हाडे उकळून सरस काढतात, त्याच जातीच्या जिलेटिनमध्ये त्यांना हायड्रॉक्सिप्रोलीन हे नवे ॲमिनो आम्ल सापडले. सरस म्हणजे उकळलेले कोलॅजेन, आणि जखम भरते ती मुख्यतः नव्या कोलॅजेनने. धाग्यातील प्रोलीनचे हायड्रॉक्सिप्रोलीन व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत. कोलॅजेनचे धागे तिपेडी वेणीसारखे गुंफलेले असतात, हे १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मांडले.

आज जखमा भरून काढण्यासाठी जुळवलेली पेप्टाइडे माणसाच्या आधी उंदरांवर तपासतात. पाठीवर मोजून जखम करतात, औषध लावतात, आणि नव्या मांसाचा तुकडा घेऊन त्यात हायड्रॉक्सिप्रोलीन किती ते मोजतात, म्हणजे कोलॅजेन किती तयार झाले ते कळते. पण उंदराची कातडी सैल. तिची जखम बरीचशी कडा आक्रसूनच मिटते, माणसाची तशी मिटत नाही. म्हणून काही ठिकाणी जखमेभोवती कडे शिवून तिला आक्रसू देत नाहीत. मधुमेहाने चिघळलेली आजोबांच्या पायाची जखम मी वर्षभर घरी पाहिली आहे. धडधाकट तरुण उंदीर बरा झाला एवढ्यावर पेप्टाइडांच्या जाहिराती करणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. १९०७ च्या आवईचीच ही भावंडे.

फिशर यांचा शेवट सुखाचा झाला नाही. १९१४ मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर त्यांनी सही केली. इतक्या काटेकोर माणसाने पुरावा न तपासता सही करावी, हे मला पटत नाही. त्याच युद्धाच्या वर्षांत त्यांचे दोन मुलगे गेले. उरला तो हेर्मान, जो पुढे नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ झाला. कर्करोगाने ग्रासलेले फिशर १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनला वारले.

त्यांच्या पद्धतीत मोठी अडचण होती. मणी हवा त्याच टोकाला जोडायचा तर दुसरे टोक तात्पुरते झाकावे लागे, आणि ते झाकण साखळी न तोडता काढता येत नसे. त्यांचे सहायक माक्स बेर्गमान यांनी झेर्व्हास यांच्यासह १९३२ मध्ये सहज निघणारे झाकण शोधले. बेर्गमान ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करू लागले. त्याच संस्थेत १९६३ मध्ये मेरीफील्ड यांनी पहिला मणी राळेच्या कणाला बांधून पुढचे एकेक ओवत जाण्याची युक्ती काढली. फिशर यांच्या साखळीला जिथे वर्षे लागली, तिथे आता काही दिवस पुरतात.