जोतीरावांचे घर कशावर चालत होते?

वसंत पंचमीला आपल्या बासरला पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबून माणसे येतात, लेकराच्या हाती पाटी देऊन अक्षराभ्यास करवून घेतात. मुलगा की मुलगी, हे त्या रांगेत कोणी विचारत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींच्या हाती पाटी देणाऱ्या जोतीराव फुल्यांना मात्र शेणामातीचे दिवस पाहावे लागले. हे आपण शाळेत शिकलो. पण या माणसाचे घर कशावर चालत होते, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते.

घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवता पुरवता ते फुले झाले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी १८४७ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतले इंग्रजी शिक्षण पुरे केले. त्या काळी एवढ्या शिदोरीवर सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण ते त्या वाटेला गेले नाहीत. पुढे शाळेपायी वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले, तेव्हा पोटाचा प्रश्न खराच उभा राहिला. १८५४ मध्ये त्यांनी मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिकवायला घेतले. उरलेला वेळ आपला.

नंतर ते व्यापारात पडले. धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणाऱ्या साहित्याची विक्री केली, पुण्याजवळच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवले, कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर पुरवण्याचा ठेका घेतला, मांजरीला शेती केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा सहीखाली त्यांनी स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा ठेकेदार म्हणवून घेतले. समाजसुधारक हा शब्द तिथे नाही.

ठेकेदार म्हटले की आमच्या सरकारी खात्यात लोक नाक मुरडतात. मी वीस वर्षे नोकरीत आहे. फाइलवर काय लिहावे आणि काय मनात ठेवावे, हे कळायला पहिली दोन वर्षे पुरतात. जोतीरावांनी नेमकी हीच अडचण धंदा करून टाळली, असे मला वाटते. पुणे नगरपालिकेत सभासद असताना लॉर्ड लिटनच्या स्वागताच्या खर्चाला एकट्या त्यांनी विरोध केला. कामे मिळत होती ती सरकारदरबारीच, तरी हात वर करताना त्यांनी त्याचा हिशेब केला नाही.

आपल्या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट यात आहे. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला, तेव्हा मुंबईतले तेलुगू ठेकेदार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इकडून पोटासाठी तिकडे गेलेल्या कामाठी समाजातली ती माणसे. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार ही त्यांतली नावे. समाजाला छापखाना मिळाला तो अशाच मंडळींच्या पैशातून. धंद्यातली ओळख कुठवर जाते पाहा! आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत तेलुगू शेजाऱ्यांत राहतो, म्हणून मला ही नावे परकी वाटत नाहीत.

अर्थात असा धंदा माणसाला श्रीमंत करत नाही. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत पुढे दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पुस्तके छापायलाही पैसा लागे. येणारा पैसा असा जात राहिला. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली, आणि धनी आजारी पडल्यावर असल्या धंद्याला दुसरा कोण बघणार? औषधपाण्याचे वांधे झाले. मामा परमानंदांना त्यांच्या मदतीसाठी सयाजीराव गायकवाडांकडे पत्र लिहावे लागले.

त्या अवस्थेत जोतीराव डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहीत होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी यशवंतने छापले.