बाबासाहेबांचे वर्गातले गुरू : जॉन ड्युई

बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असते. पण ज्यांच्यासमोर बाबासाहेब विद्यार्थी म्हणून प्रत्यक्ष बाकावर बसले, त्या प्राध्यापकाचे नाव विचारले की पदवीधर कार्यकर्तेही गप्प होतात. पुण्यातल्या अभ्यासिका आणि अभ्यास मंडळांमधून फिरताना आम्हाला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, बाबासाहेबांचे विचार पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले आहेत असा टोमणा मारणारे. दुसरे, त्या टोमण्याच्या धास्तीने अमेरिकेतल्या शिक्षकांचा उल्लेखच टाळणारे आपलेच लोक. जॉन ड्युई हा माणूस नेमका कोण होता, हे दोघांनीही पाहिलेले नसते.

ड्युईंचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ चा, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन गावचा. वडील किराणा दुकानदार. आई कडक धार्मिक, मुलांच्या पापपुण्याची सतत चौकशी करणारी. घरच्या त्या धार्मिक दडपणातून बाहेर पडायला त्यांना बरीच वर्षे लागली. पदवी घेऊन त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि १८८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून नाव घातले. हे साल आपल्याला ओळखीचे वाटायला हवे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे पुण्याहून निवेदन दिले आणि बहुजनांच्या मुलांना शेती, आरोग्य, हिशेब यांचे उपयोगी शिक्षण द्या अशी मागणी केली. तोवर भिडेवाड्यातल्या शाळेलाही ३४ वर्षे झाली होती. जगण्याशी जोडलेल्या शिक्षणाचा विचार अमेरिकेतून आपल्याकडे आला असे कोणी म्हणाले, तर ही तारीख पुढे ठेवावी.

१८८४ मध्ये ड्युईंना डॉक्टरेट मिळाली आणि ते मिशिगन विद्यापीठात शिकवू लागले. तिथे अ‍ॅलिस चिपमन ही विद्यार्थिनी भेटली. १८८६ मध्ये त्यांचे लग्न झाले. पुस्तकी तत्त्वज्ञानात रमलेल्या या माणसाला समाजाच्या प्रश्नांकडे वळवण्यात अ‍ॅलिस यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडेही अशा स्त्रियांची नोंद एका ओळीत उरकली जाते, आणि इथे आम्हीही तेच करतो आहोत.

मानसशास्त्रातला त्यांचा महत्त्वाचा लेख १८९६ चा. तेव्हाचे शास्त्रज्ञ माणसाचे वागणे तुकड्यांत मोजत : बाहेरून चेतना आली की आतून प्रतिक्रिया, संपले. ड्युईंनी मेणबत्तीकडे हात नेणाऱ्या मुलाचे प्रचलित उदाहरण घेतले. हात भाजल्यावर त्या मुलाला पुढच्या वेळी दिसणारी ज्योत पहिल्यासारखी राहत नाही. आता तिच्या दिसण्यातच चटका असतो. म्हणजे पाहणे, करणे आणि भोगणे हे एकच चक्र आहे. यातूनच पुढे सवयीचा विचार आला. माणूस एकेकटा विचार करून वागत नाही, समाजाने लावलेल्या सवयी त्याच्या हातून वागतात. जातीला कोणी माणसाचा स्वभाव म्हणू लागले, तर हे उत्तर हाताशी असावे.

१८९४ मध्ये ड्युई शिकागोला गेले. शहर रेल्वे कामगारांच्या संपाने पेटलेले होते. जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउसमध्ये, म्हणजे स्थलांतरित गरिबांच्या वस्तीतल्या केंद्रात, त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. पुढे आपल्या एका मुलीचे नाव त्यांनी जेन ठेवले. जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली. तिच्यासाठी बाके शोधायला ते दुकानादुकानांत फिरले, पण मनासारखे मिळेना. शेवटी एका दुकानदाराने नेमके दुखणे ओळखले : यांना मुलांनी काम करायची बाके हवीत आणि बाजारात आहेत ती फक्त ऐकत बसायची. ड्युईंनी ही गोष्ट आपल्या भाषणात सांगितली.

त्या शाळेत मुले स्वयंपाक करत, सुतारकाम करत, विणत. कच्चा कापूस आणि लोकर हातात घेऊन सरकी काढायला किती वेळ लागतो हे स्वतः अनुभवत, आणि सुती कापडाचा धंदा लोकरीच्या मागे का राहिला हे इतिहासाच्या पुस्तकाआधी बोटांना कळे. पुण्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बारा-बारा तास मान खाली घालून बसणारी आपली पोरे पाहिली की आम्हाला ती बाके आठवतात. परीक्षा पद्धतच तशी असल्याने दोष पोरांचा नाही. मात्र एक खोटही सांगायला हवी. ड्युईंच्या शाळेत प्रामुख्याने सुस्थितीतल्या घरची मुले होती. तिथे वस्तीतले मूल पोहोचले नव्हते.

या काळात घरात दोन मृत्यू झाले. मॉरिस आणि गॉर्डन ही दोन मुले युरोपच्या दोन प्रवासांत आजाराने गेली, एक १८९५ मध्ये आणि दुसरा १९०४ मध्ये. दुसऱ्या खेपेस त्यांनी इटलीत साबिनो हा मुलगा दत्तक घेतला. १९०४ मध्येच शाळेच्या कारभारावरून आणि अ‍ॅलिस यांच्या मुख्याध्यापकपदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद झाला. नवराबायको दोघांनीही राजीनामे दिले आणि कुटुंब न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात आले.

त्यांचे तर्कशास्त्र समजायला सोपे आहे. त्यांच्या मते विचाराची सुरुवात अडचणीपासून होते. गल्लीतल्या शेवटच्या चार घरांना पाणी येत नाही. मग नेमके कधीपासून येत नाही, व्हॉल्व्ह बंद आहे की पाइप फुटला, हे विचारायचे, एक अंदाज बांधायचा, तो तपासायचा, चुकला तर दुसरा. १९१० च्या ‘हाऊ वी थिंक’मध्ये त्यांनी शिक्षकांना हेच समजावले आणि १९३८ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तपासून पाहिल्याशिवाय मानू नका, हे कालामांना केलेल्या बुद्धाच्या उपदेशाशी किती जुळते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, तरी त्यांनी ड्युईंचे तत्त्वज्ञानाचे वर्ग घेतले. ड्युई काही फर्डे वक्ते नव्हते. ते संथ बोलत, खिडकीबाहेर बघत, विद्यार्थ्यांसमोरच विचार करत. त्यांच्या या लकबींची बाबासाहेब तीस वर्षांनंतरही हसत नक्कल करून दाखवत, अशी आठवण माईसाहेबांनी सांगितलेली आहे. १९१६ मध्ये ड्युईंचे ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ निघाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला गेले.

पुढे त्यांनी त्या पुस्तकाचे काय केले ते बघण्यासारखे आहे. लोकशाही ही केवळ राज्यपद्धत नसून एकमेकांत मिसळून जगण्याची रीत आहे, आणि गटागटांत अनुभव झिरपत राहिला तरच ती टिकते, असे ड्युईंनी शाळेच्या संदर्भात मांडले होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी तोच धागा घेतला आणि जिथे हे झिरपणे जातीने बंद केले आहे तिथे अस्पृश्यांना स्वतःचे राजकीय प्रतिनिधित्व हवे, अशी मागणी केली. शिक्षणाच्या पुस्तकातून मतदारसंघाची मागणी ड्युईंनाही सुचली नसती. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म हा भेद येतो. त्याचे मूळ ड्युई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात आहे. पण तो भेद धर्मशास्त्रांच्या मुळावर घालण्याचे काम बाबासाहेबांचे. त्याच भाषणाच्या शेवटाकडे त्यांनी ड्युईंचे ऋण नाव घेऊन मान्य केले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

ड्युई निर्दोष नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरावे असे त्यांनी म्हटले आणि त्यासाठी त्यांच्याच विचाराच्या तरुण लेखकाने, रँडॉल्फ बोर्नने, त्यांना धारेवर धरले. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एनएएसीपी उभी राहत असताना ते सोबत होते, तरी त्यांच्या प्रचंड लेखनात वर्णभेदाला फार थोडी जागा आहे. शहाणपण आणि संवाद वाढला की समाज बदलेल हा त्यांचा विश्वास. सवय मोडायला कायदा लागतो, सत्याग्रह लागतो आणि शेवटी धम्मही लागतो, हे महाड आणि काळाराम मंदिर अनुभवलेल्या माणसाला जास्त ठाऊक होते.

जून १९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. समारंभ ५ जूनचा. जुन्या शिक्षकांना भेटायची त्यांना ओढ होती, पण १ जूनला ड्युई वयाच्या ९२ व्या वर्षी वारले होते. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी भेट हुकल्याचे दुःख सांगितले आणि आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय या शिक्षकाला दिले.