कर्मवीरांच्या घरातला हिशेब

रमजान हा जसा इबादतीचा महिना, तसा तो हिशेबाचाही महिना. रोजे, तरावीह, कुरआनपठण सुरू असतानाच घराघरांत आकडेमोड चाललेली असते. जकात किती निघते, फित्रा किती माणसांचा द्यायचा, मुलांच्या ईदच्या कपड्यांना किती पुरतील? हुपरीत तर जकातीचे माप डोळ्यांसमोरच असते. साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम, हा चांदीचा निसाब. कर्ज वजा जाता तेवढ्या किमतीची बचत ज्याच्याकडे आहे आणि तिच्यावर चांद्रवर्ष पुरे झाले आहे, त्याच्यावर अडीच टक्के जकात फर्ज होते. चांदीच्या या गावात एवढे वजन तराजूवर रोज चढते आणि उतरते. मात्र पैंजण, पट्ट्या, जोडवी घडवण्यासाठी व्यापाऱ्याने तोलून दिलेली चांदी ही अमानत असते, ती आपली नव्हे. मजुरीतून खर्च जाऊन जे मागे राहिले, तेवढेच आपले. आणि नव्याने संसार मांडलेल्या कितीतरी घरांत नेमके तेच मागे राहत नाही.

मागे का राहत नाही आणि राहिले तर ते कशासाठी, हे समजून घ्यायला आपल्याच हातकणंगले तालुक्यात जन्मलेल्या एका मोठ्या माणसाकडे पाहू. कर्मवीर भाऊराव पाटील यांना रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. पण त्यांच्या घरातला हिशेब कसा होता, तो कोणी सांभाळला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याकडे आपण कमी पाहतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कूलमध्ये शिकले आणि तिथेच राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करणाऱ्या या राजाने १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगलाही आधार दिला होता. शिकण्याची सोय झाली की गरिबाचे पोर कुठवर जाते, हे भाऊरावांनी कोल्हापुरात पाहिले. ते स्वतः मात्र शिक्षणात फार पुढे गेले नाहीत.

त्यांचे लग्न सधन पाटील घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झाले. माहेरच्या श्रीमंतीला साजेसे दागिने त्यांच्या अंगावर होते. हे सोने शंभर तोळ्यांहून अधिक होते, असे सांगतात. त्या काळी बाईचे दागिने म्हणजे घरची बँक. दुष्काळ आला, आजारपण आले, कर्ता माणूस गेला, तर त्याच सोन्यावर घर तरायचे. इस्लामी शरीयतीतही स्त्रीचे मेहर आणि तिचे दागिने ही तिची स्वतःची मालमत्ता मानली जाते. नवऱ्याचा त्यावर हक्क नसतो. पुढच्या कहाणीत ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

या तरुण जोडप्याची सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. कमाईला स्थैर्य नव्हते. भाऊराव साताऱ्यात विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेत आणि त्यातून घरखर्चाला हातभार लागे. मग १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना तुरुंग पाहावा लागला. खोटे बोलून ते सुटले असते. पण संसार नवा आहे, पैसा हातात नाही, म्हणून त्यांनी इमान सोडले नाही.

पुढे त्यांना ओगले काच कारखान्यात विक्रीचे काम मिळाले. ओगल्यांचे प्रभाकर कंदील तेव्हा घरोघर जात होते. नंतर ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकू लागले. घरात नियमित पैसा येऊ लागला. सामान्य माणूस अशा वेळी जमीन घेतो, घर बांधतो, सोन्यात भर घालतो. भाऊराव कंदील आणि नांगर घेऊन खेड्यापाड्यांत फिरत होते. ज्या घरात कंदील पोहोचला होता, त्याच घरातले पोर अक्षरओळखीविना गुरांमागे फिरताना त्यांना दिसे. या भ्रमंतीतून आणि सत्यशोधक विचारातून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि भाऊरावांच्या संसारातच वसतिगृह सुरू झाले.

घराच्या हिशेबाचे गणित इथे बदलले. नवरा, बायको आणि मुलेबाळे एवढ्या घराला पुरणारे उत्पन्न आता परक्यांच्या मुलांनाही पुरवायचे होते. मुले मराठा होती, जैन होती, मुसलमान होती, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतलीही होती. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणे हा त्यांच्यासाठी पैशांपेक्षाही अवघड हिशेब होता. पण तो त्यांनी सोडवला. आजारी पोराच्या उशाशी त्या बसल्या, बुजलेल्या पोराला त्यांनी पोटाशी धरले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. नाव मोठे झाले, तरी धान्याच्या कणगीत त्याने भर पडत नव्हती.

मुले वाढत गेली आणि दागिने कमी होत गेले. एकेक डाग मोडून धान्य आले, कपडे आले, पुस्तके आली. भाऊराव देणग्या मिळवायला गावोगाव हिंडत असत. अशाच एका वेळी घरात धान्य उरले नाही, मुले जेवणाची वाट पाहत होती आणि मोडायला दुसरे काहीच शिल्लक नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या ताटात अन्न पडले. १९३० साली त्या हे जग सोडून गेल्या. संस्थेच्या शेकडो शाळा त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत.

ही कहाणी ऐकून आपण हळहळतो आणि पुढे जातो. पण हिशेबाच्या नजरेने पाहिले तर तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे लक्ष्मीबाईंचे सोने वाया गेले नाही. ते त्यांच्या मालकीचे होते, ते कशावर खर्चायचे हे त्यांनी ठरवले आणि ते सर्वांत गरजेच्या जागी गेले. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. एका बाईला मंगळसूत्र द्यावे लागले, कारण त्या दिवशी घरात दुसरी कुठलीच गंगाजळी नव्हती. त्याग थोर आहे, पण रोजचे जेवण रोजच्या त्यागावर चालत नाही. त्याला व्यवस्था लागते.

भाऊरावांचे मोठेपण असे की त्यांनी ती व्यवस्था उभी केली. मुष्टिफंडाची रीत त्यांनी वापरली. दळणाला किंवा स्वयंपाकाला धान्य काढताना गृहिणीने त्यातली एक मूठ आधी बाजूला ठेवायची, आठवडाभराने ती वसतिगृहासाठी गोळा व्हायची. मूठभर धान्याने कोणाचे घर उपाशी पडत नाही, पण शेकडो घरांच्या मुठी एकत्र आल्या की पोती भरतात. या रीतीचे सारे बळ क्रमात आहे. जेवून उरले तर द्यायचे, असे म्हटले असते तर एक मूठही गोळा झाली नसती. मूठ आधी बाजूला जाते आणि उरलेल्यात घर भागते.

दुसरी गोष्ट श्रमाची. वसतिगृहातली मुले दळण, स्वयंपाक, लाकूडफाटा, शेतीची कामे स्वतः करीत. कमवा आणि शिका ही योजना त्यातूनच आकाराला आली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा तिथल्या गरीब मुलांनीही हाताने काम करून आपले शिक्षण पुरे केले. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. एकाच दारावर अवलंबून असलेली संस्था अशा वेळी कोसळली असती. रयतेच्या देणग्या आणि मुलांचे श्रम यांच्या जोरावर ही संस्था उभी राहिली आणि अनुदानही पुढे परत मिळाले.

आता हे आपल्या घरात आणून पाहू. हुपरीतल्या तरुण कारागिराची मजुरी किलोवर ठरते. चांदीचा भाव अचानक वाढला की गिऱ्हाईक थांबते, काम कमी होते, पण दूधवाला, घरभाडे आणि शाळेची फी थांबत नाही. घरातली बाई घुंगरू जोडून जे मिळवते, ते किराण्यात विरून जाते. अशा घराला बचत करा असे नुसते सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. पण मुष्टिफंडाची रीत याही घराला जमते. मजुरी हातात पडली की खर्चाला हात घालण्याआधी एक ठरावीक हिस्सा बाजूला काढायचा. तो शंभर रुपयांचा असला तरी चालेल, पण दर वेळी निघायला हवा. काम जोरात असलेल्या महिन्यात तो वाढवायचा आणि काम बसलेल्या महिन्यात त्यावर घर चालवायचे. गल्लीतली भिशी असो, पतसंस्थेतले खाते असो की पोस्टातले, पैसा घरच्या डब्यात न राहता बाहेर गेला की टिकतो. ईदचा खर्च ठरलेलाच आहे, म्हणून तो रमजानच्या शेवटच्या आठवड्यात उसनवारीने करण्यापेक्षा वर्षभर थोडा थोडा बाजूला काढलेला बरा. ईदसाठी व्याजाने पैसे उचलणे हे तर ज्या महिन्याचा आपण आदर करतो, त्याच्याच शिकवणीविरुद्ध आहे.

शिलकीत पडले की तिच्यावर दुसऱ्याचा हक्क लागू होतो, हे जकातीने आपल्याला शिकवले आहे. निसाबाहून अधिक बचत असेल आणि तिच्यावर वर्ष गेले असेल, तर दर एक लाख रुपयांमागे जकात अडीच हजार. स्वतःच्या मालकीची एक किलो चांदी असेल तर पंचवीस ग्रॅमची किंमत. उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के घरातच राहतात. त्यातून मुलांचे शिक्षण करा, औषधपाणी करा, छप्पर नीट करा. कंजुषी आणि उधळपट्टी या दोन्ही टोकांपासून दूर राहायला आपला धर्म सांगतो. जकात देता यावी एवढे मागे ठेवणे हीसुद्धा चांगली नीयत आहे. आणि ती देताना शेजारच्या ज्या घरात आज गळ्यातले मोडायची वेळ आली आहे, त्या घराकडे आधी पाहायला हवे. लक्ष्मीबाईंसारखी वेळ कोणावर येऊ नये, यासाठीच तर ही व्यवस्था आहे.

कर्मवीरांना आयुष्याच्या शेवटी मान-सन्मान मिळाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. स्वतःसाठी त्यांनी साठवले नाही. मात्र आपल्या हयातीत त्यांनी संस्थेच्या माणसांसाठी एक पतपेढी काढली. अडीअडचणीला सावकाराच्या दारात जावे लागू नये, आपलीच बचत आपल्याला उपयोगी पडावी, हा अशा पतपेढीचा उपयोग. तिला त्यांनी नाव दिले ते लक्ष्मीबाईंचे. तीच पुढे रयत सेवक सहकारी बँक झाली.